घरी बांधलेल्या आरव्ही-७ विमानाचा बॉल (बाजूची घसरण दाखवणाऱ्या यंत्रातली गोळी) क्रूझमध्ये, म्हणजे नेहमीच्या सरळ उड्डाणात, अर्धा उजवीकडे राहतो. रडरला (शेपटीच्या उभ्या, हलत्या भागाला) पाचर लावू, की इलेक्ट्रिक ट्रिम (रडर हव्या त्या कोनात धरणारी मोटर) बसवू?

पाचर लावा, पण लगेच नको. तुम्ही लिहिलंय की हँगरातली मंडळी पाचरीला ‘वाकडं बांधल्याची कबुली’ म्हणतात. हे मी कित्येक वर्षं ऐकतोय आणि ते साफ चूक आहे. लायकॉमिंग इंजिनावरचा प्रॉपेलर कॉकपिटमधून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याचा वळसे घेत मागे जाणारा झोत फिनला (रडरच्या पुढच्या स्थिर उभ्या भागाला) डावीकडून लागतो आणि नाक डावीकडे ओढलं जातं. ही ओढ पॉवर आणि वेगाप्रमाणे बदलते, फिन मात्र एकाच कोनात रिव्हेट केलेली असते. त्यामुळे काटेकोर बांधलेलं विमानही रडरच्या पेडलला पाय न लावता एकाच वेगाला सरळ जातं. तो वेग पाचरीने ठरवायचा.

मात्र पाचर दुसऱ्याच दोषावर पांघरूण घालत नाही ना, हे आधी बघायला हवं. आमच्याकडच्या एका आरव्ही-७ वर २५ सेंटीमीटरची पाचर होती, तरी बॉल पाव उजवीकडे, आणि मालक ती आणखी वाढवायच्या बेतात. आम्ही आधी विमान आडवं लेव्हल केलं: दोन्ही लाँजरॉनवर (विमानाच्या धडाच्या लांबीभर जाणाऱ्या आधारपट्ट्यांवर) आडवी सरळ पट्टी, तिच्यावर स्पिरिट लेव्हल, आणि एका टायरखाली पातळ फळ्या सरकवत बुडबुडा मध्यावर. जमिनीवर स्थिर उभ्या विमानात बॉल उजव्या रेषेला टेकलेला! पॅनेलमधलं यंत्रच तिरकं बसलं होतं. स्क्रू सैल करून ते फिरवलं.

मग गिअर लेगची, म्हणजे चाकाच्या दांड्याची, फेअरिंग (हवा कापणारं निमुळतं आवरण). ही खरी गुन्हेगार असते, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. चाकांवरचा भार जॅकवर घ्या, कारण भाराने लेग वाकतो आणि माप खोटं येतं. ओळंबा सोडून फ्यूजलाजची (धडाची) मध्यरेषा जमिनीवर खडूने आखा. फेअरिंगच्या पुढच्या कडेवरून दोरा घालून त्याची दोन्ही टोकं मागे ताणून एकत्र आणा. ती जिथे जुळतात तिथून आणि पुढच्या कडेपासून मध्यरेषेपर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही सारखी हवीत. त्या विमानात उजवीकडे ६ मिलिमीटरचा फरक निघाला. फेअरिंग सरळ केल्यावर तीच पाचर जास्त झाली, बॉल डावीकडे गेला! मापाआधीच खात्री करायची असेल तर एकदा फेअरिंग काढून उडा. बॉलची जागा बदलली तर दोष तिथेच.

रडर बोटाच्या धक्क्याने फिरतं का? केबल घासत असेल तर रडर सोडलेल्या जागी अडकतं आणि प्रत्येक फेरीत वेगळं उत्तर मिळतं. टेलव्हील (शेपटीखालचं चाक) असेल तर रडरपासून त्याला जाणाऱ्या दोन्ही चेनचा ताण सारखा आहे का, तेही बघा.

आता पाचर. बॉल उजवीकडे म्हणजे उजवा पाय हवा, म्हणजे रडर उजवीकडे ढकललं जायला हवं. म्हणून पाचर रडरच्या डाव्या बाजूला, मागच्या कडेशी, जाड कड मागे. बाल्साची, ४ सेंटीमीटर रुंद, मागे ८ मिलिमीटर जाड, पुढे निमुळती, लांबी २० सेंटीमीटर. मुद्दाम मोठी घ्या आणि तात्पुरत्या टेपने चिकटवा. पहाटेच्या शांत हवेत, नेहमीच्या क्रूझ पॉवरवर, पंख लेव्हल, दोन्ही टाक्या समान, पाय जमिनीवर, दोन मिनिटं थांबून बॉल वाचा. उतरून २ सेंटीमीटर कापा, पुन्हा उडा. त्या विमानात शेवटी ११ सेंटीमीटर उरली. चढताना उजवा पाय आणि उतरताना डावा लागणारच. पंख जड वाटला तर एलेरॉनला (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या भागाला) हात बॉल मध्यावर आल्यावरच लावायचा.

इलेक्ट्रिक ट्रिमला माझा विरोध आहे. १८० हॉर्सपॉवरच्या दोन सीटच्या विमानात ट्रिमची मोटर (सर्व्हो) म्हणजे रडरवर नाहक वजन आणि बिजागरीशी रोज वाकणारी वायर. गुडघा दुखत असेल किंवा लांबच लांब चढाई असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही कॉकपिटमध्ये पेडलच्या केबलवर स्प्रिंग ट्रिम बसवा.

एक राहिलं. बिजागरीमागचं प्रत्येक ग्रॅम रडरच्या बॅलन्सच्या विरोधात जातं आणि फ्लटरचा (वेगात रडर अनावर थरथरण्याचा) धोका वाढवतं. तेव्हा पाचर हलकी ठेवा, पक्की चिकटवल्यावर जरासुद्धा हलता कामा नये, आणि रंग झाल्यावर बॅलन्स पुन्हा तपासा. पहिल्या फेऱ्यांत वेग १०-१० नॉटने वाढवा.