'कोमुना'ला मराठीत गाव म्हणावं का?

प्रश्न असा आहे: रोमानियातल्या विस्क्री या लहान खेड्याचा इतिहास मराठीत लिहिताना 'कोमुना' या शब्दासाठी 'गाव' चालेल का? आणि विस्क्रीची वस्ती एकीकडे चारशेच्या आसपास, तर दुसरीकडे त्याच्या कितीतरी पट दिलेली असते, ती का?

'गाव' चालणार नाही, आणि आकड्यांचा घोळही त्यातूनच होतो. रोमानियन भाषेत गावाला 'सात' म्हणतात. (देवनागरीत लिहिल्यावर ही संख्या वाटते, म्हणून मजकुरात तो शब्द तसाच ठेवू नका.) अशी काही गावं मिळून एक कोमुना होते. तिचा प्रमुख लोकांनी निवडून दिलेला असतो, सोबत निवडलेलं मंडळ असतं. याला आपल्याकडे तयार शब्द आहे: गट ग्रामपंचायत. विस्क्री ज्या बुनेश्त कोमुनेत येतं, तिच्यात बुनेश्त, क्रित्स, मेशेनडॉर्फ, रोआदेश आणि विस्क्री अशी पाच गावं आहेत. मोठा आकडा या पाचांचा, लहान आकडा एकट्या विस्क्रीचा. बुनेश्तचा तर आणखी घोटाळा, कारण गावाचं आणि कोमुनेचं नाव एकच. वरचा 'जुदेत्स' म्हणजे सरळ जिल्हा, इथे ब्राशोव्ह. 'कम्यून' मात्र मी टाळेन. मराठी वाचकाला त्यावरून चीनमधली सामुदायिक शेती आठवते, नाहीतर पुण्याच्या कोरेगाव पार्कातली ओशो कम्यून.

'सात'ची व्युत्पत्ती मला फार आवडते. लॅटिनमध्ये 'फोसा' म्हणजे खंदक आणि 'फोसातुम' म्हणजे खंदकाने वेढलेली जागा. त्यावरून जुन्या रोमानियनमध्ये 'फ्सात' आलं आणि पुढे 'फ' गळाला. अल्बेनियन भाषेत गावाला आजही 'फ्शात' म्हणतात. गावाची ओळख त्याच्या कुंपणावरून ठरावी, हे 'गावकूस' शब्द वापरणाऱ्या आपल्याला सहज पटतं. विस्क्रीला तर ते तंतोतंत लागू पडतं, कारण गावाच्या माथ्यावरचं तटबंदीचं चर्च हीच त्याची खूण आहे. १९९९ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं ते त्यामुळेच.

नावातही तेच चर्च आहे. 'विस्क्री' हे जर्मन 'वाइसकिर्श', म्हणजे 'पांढरं चर्च', याचं रोमानियन तोंडी बसलेलं रूप. हंगेरियन नावाचा अर्थ 'सॅक्सनांचं (म्हणजे इथे वसलेल्या जर्मनभाषकांचं) पांढरं चर्च'. तिन्ही नावं लेखात एकदा तरी द्यावीत, कारण जुनी कागदपत्रं वेगवेगळ्या नावांनी सापडतात. शिवाय विस्क्री ज्या प्रदेशात आहे तो ट्रान्सिल्व्हेनिया रोमानियात आला १९१८ नंतर; त्याआधीच्या शतकांबद्दल लिहिताना 'रोमानियन गाव' म्हणणं चुकीचं ठरेल.

'सॅक्सन' शब्दालाही एक वाक्य खर्च करा. बाराव्या शतकाच्या मध्यावर हंगेरीचा राजा दुसरा गेझा याने सीमेवर वस्ती करायला पश्चिमेकडून माणसं बोलावली. ती आली मुख्यतः ऱ्हाइन-मोझेल आणि लक्झेंबर्गच्या मुलखातून, जर्मनीतल्या सॅक्सनीतून नव्हे. हंगेरीच्या दरबारी कागदांत मात्र त्यांना सरसकट सॅक्सन म्हटलं गेलं आणि तेच चिकटलं. १२२४ मध्ये हंगेरीचा राजा दुसऱ्या आंद्राशने त्यांना सनद देऊन हक्क पक्के केले. त्यांची बोली आजही लक्झेंबर्गच्या भाषेला जवळची आहे.

लोकसंख्येची खरी गोष्ट या लोकांच्या जाण्याची आहे, आणि तिथे प्रत्येक टप्प्याला 'स्थलांतर' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. जानेवारी १९४५ मध्ये रोमानियातल्या हजारो जर्मनभाषकांना सक्तीच्या मजुरीसाठी सोव्हिएत संघात नेलं, ती हद्दपारी. कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीत पश्चिम जर्मनी माणशी पैसे भरून त्यांना बाहेर काढत होती; तिथे 'मोबदला देऊन सुटका' असं स्पष्ट लिहावं. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली आणि १९९० या एका वर्षात एक लाखाहून जास्त लोक जर्मनीला गेले. हे मात्र स्थलांतर. देशभरातले जर्मन वंशाचे लोक १९३० च्या जनगणनेत सुमारे ७,४५,००० होते (तेव्हा देशाच्या सीमाही मोठ्या होत्या). २०११ मध्ये सुमारे ३६,००० उरले. विस्क्रीत आज सॅक्सन अगदी मोजके आहेत. बहुसंख्य रोमानियन आणि रोमा.

'रोमा' आणि 'रोमानियन' यांचा एकमेकांशी संबंध नाही, हेही सांगायला हवं. रोमानियन शब्द रोमवरून आला. रोमा लोकांचा 'रोम' हा शब्द मात्र भारतातल्या 'डोम'शी जोडला जातो. त्यांची भाषा आपल्याच कुळातली आहे: पाण्याला 'पानी', नाकाला 'नाख', कानाला 'कान'. 'जिप्सी' हा शब्द मी वापरणार नाही. अनेक रोमा लोकांना तो हिणवणारा वाटतो.

तेव्हा तुमच्या लेखाची सुरुवात अशी करता येईल: 'विस्क्री हे ब्राशोव्ह जिल्ह्यातलं, बुनेश्त गट ग्रामपंचायतीतलं (रोमानियनमध्ये कोमुना) सुमारे चारशे वस्तीचं गाव.' पुढे आकडा देताना प्रत्येक वेळी तो गावाचा की कोमुनेचा, हे त्याच वाक्यात लिहा.