मजकूर काढणाऱ्याने सही करावी

प्रिय,

तुझे पत्र वाचले. महाविद्यालयाच्या संगणक क्लबच्या ऑनलाइन चर्चेत निनावी लिहू द्यायचे की नाही, यावर तुमच्या कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत, गुरुवारी मतदान आहे आणि लॅब मॅन्युअलमध्ये चूक आहे असे सांगणाऱ्या निनावी नोंदीविषयी ‘ते कोणी लिहिले हे मला कळलेच पाहिजे’ असे एका प्राध्यापकांनी तुला बजावले आहे, एवढे समजले. निनावीपणा चांगला की वाईट, असे तू मला विचारतेस. गेला महिनाभर तुम्ही लिहिणाऱ्यांच्या नावांवरून भांडत आहात आणि त्याच महिन्यात कोणीतरी काही नोंदी गुपचूप काढून टाकल्या, त्या कोणी काढल्या हे कार्यकारिणीत कोणालाच ठाऊक नाही, हे मात्र तू पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहेस. खरे तर पत्राची सुरुवातच तिथून व्हायला हवी होती. लिहिणाऱ्याने नाव झाकले तर चालेल, काढणाऱ्याने झाकलेले चालणार नाही. बाकीचे सारे या एका गोष्टीवरून ठरवता येते, आणि ती तुमच्या मसुद्यात कुठेही नाही.

लोक नाव का झाकतात, हे तुला मी सांगायला नको. ज्यांच्या हाती टर्मवर्कचे गुण आहेत, त्यांच्या लॅब मॅन्युअलमधला प्रोग्राम चुकीचा आहे, हे ओरलच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आदल्या आठवड्यात नावानिशी कोण लिहील? आणि भीती फक्त प्राध्यापकांची नसते. माझ्या वर्गात उदगीरहून आलेला, मराठी माध्यमातला एक मुलगा होता. सी भाषेत दहा पूर्णांकांच्या रांगेचा, म्हणजे अ‍ॅरेचा ‘साइझऑफ’ (बाइटमधला आकार) मेनमध्ये, म्हणजे मुख्य प्रोग्राममध्ये, ४० येतो, पण तोच अ‍ॅरे फंक्शनला दिला की आत ८ का येतो, असे त्याने मोडक्या इंग्रजीत, स्वतःच्या नावाने विचारले. प्रश्न उत्तम होता. फंक्शनला अ‍ॅरे जातच नाही, त्याच्या पहिल्या घटकाचा पत्ता जातो, आणि ते ८ बाइट तो पत्ता धरणाऱ्या पॉइंटरचे असतात, हे पुस्तक पाठ करणाऱ्या निम्म्या वर्गालाही माहीत नव्हते. त्याला उत्तर मिळाले नाही. त्याच्या इंग्रजीची नक्कल मिळाली. तो पुन्हा क्लबकडे फिरकला नाही. टोपणनावांची सोय आम्ही पुढच्या वर्षी केली. ती त्याच्या उपयोगाची नव्हती, आणि याची खंत मला आजही आहे.

मात्र ‘निनावी’ आणि ‘टोपणनावाने’ यांत तुम्ही गल्लत करता आहात. गोपाळ हरी देशमुख पुण्याचे, सरकारी नोकरीत असलेले. १८४८ पासून मुंबईच्या ‘प्रभाकर’मध्ये त्यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने शतपत्रे लिहिली आणि आपल्याच समाजाला खडे बोल सुनावले. वाचकाला टोपणनाव दिसत होते, पण ते आठवड्यामागून आठवडे तेच राहिले, म्हणून त्याला पत जमली. आणि ते छापणारे भाऊ महाजन कोण, हे सर्वांना माहीत होते. पुढे १८९७ च्या जूनमध्ये ‘केसरी’त शिवाजी महाराजांच्या तोंडचे उद्गार म्हणून एक कविता आली. तिच्याखाली माणसाचे नाव नव्हते, भवानी तलवारीची खूण होती. राजद्रोहाचा खटला उभा राहिला तो टिळकांवर, आणि १८ महिन्यांची सक्तमजुरीही त्यांनाच झाली. कवितेखाली नाव नसेल, पण छापायचे की नाही हे ठरवणाऱ्याचे नाव जगजाहीर होते. ज्या महाराष्ट्रात ही परंपरा आहे, तिथल्या क्लबात मजकूर काढणारा ‘अ‍ॅडमिन’ या आडपडद्यामागे बसतो, हे मला सहन होत नाही.

म्हणून प्रत्येकाला एकच, कायम राहणारे टोपणनाव द्या. ते कोणाचे, हे दोनच माणसांना ठाऊक असावे आणि त्या दोघांची नावे सूचनाफलकावर असावीत. तुमचा तांत्रिक गट ‘पीआरएनचा हॅश साठवू, म्हणजे ओळख कळणार नाही’ म्हणतो (पीआरएन म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक, हॅश म्हणजे त्यावरून गणिताने काढलेला, थेट उलटा न वाचता येणारा संकेत), त्याला माझ्या वतीने विचार की महाविद्यालयात पीआरएन आहेत तरी किती? ती सगळी यादी एका लूपमध्ये घालून हॅश काढायला साध्या लॅपटॉपलाही क्षणभर पुरतो, आणि जुळणी झाली की नाव हातात. संगणकाच्या विद्यार्थ्यांनी असे लिहून आणावे, याचा मला राग येतो. जे कधीच लागणार नाही ते साठवू नका, आणि जे लागेल ते सर्व्हरवर इतरांच्या हाती पडेल असे ठेवू नका.

आता तुमचे तिसरे कलम: ‘आक्षेपार्ह अथवा त्रासदायक मजकूर काढून टाकण्यात येईल.’ आक्षेप कोणाचा? त्रास कोणाला? २०१२ साली पालघरच्या दोन तरुणींना, एकीने फेसबुकवर बंदविषयी लिहिले आणि दुसरीने ते ‘लाइक’ केले म्हणून, अटक झाली होती. त्या प्रकरणात लावलेले, ऑनलाइन मजकुराबद्दल शिक्षा देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, त्यामागे असल्याच शब्दांचा मोघमपणा हे मोठे कारण होते. देशाच्या कायद्यात जे शब्द टिकले नाहीत, ते तुम्ही क्लबच्या नियमात उचलून ठेवता! कोणाचा फोन नंबर किंवा पत्ता उघड करणे, धमकी, एखादीच्या शरीराविषयी शेरे, जातीवरून हिणवणे, असे नेमके लिहा. धमकी असेल तर ती पुसून टाकू नका. लगेच नजरेआड करा आणि तारीख-वेळेसह प्रत जपा, कारण उद्या पोलिसांत जायची वेळ आली तर पुरावा तोच.

आणि दर वेळी नोंदवहीत लिहा: कोणती नोंद, कोणत्या कलमाखाली, कोणत्या तारखेला, कोणी काढली. खाली पूर्ण नाव. दाद मागितली तर निर्णय तिसऱ्याने करावा, आणि तक्रार ज्याच्याविषयी आहे त्याने त्या नोंदीला हातही लावू नये. ‘अशाने कोणी हे काम स्वीकारणारच नाही,’ असे तुझा सहसचिव म्हणतो. न स्वीकारो! सही करायची ज्याची तयारी नाही, त्याच्या हाती दुसऱ्याचे शब्द पुसायचा अधिकार देऊच नये.

मी हे नुसते बोलत नाही. मी सचिव असताना स्पर्धेच्या प्रवेशशुल्काचा हिशेब कुठे आहे, असा प्रश्न एका टोपणनावाने आला. मला केबिनमध्ये बोलावून नाव विचारले गेले. मी म्हणालो, ‘हा मजकूर ठेवायचा निर्णय माझा आहे, वहीत माझी सही आहे, विचारायचे ते मला विचारा.’ भेकडांना पाठीशी घालतोस, असे ऐकावे लागले, आणि हवे होते ते शिफारसपत्रही मिळाले नाही. पण दोन आठवड्यांत हिशेब फलकावर लागला. त्याच वर्षी एका मुलीच्या कपड्यांवरचा शेरा मी काढला, तेव्हा लिहिणाऱ्याने माझ्यावर मुस्कटदाबीचा आरोप केला. त्याने रीतसर दाद मागितली, दोघांनी वही पाहिली आणि माझा निर्णय कायम ठेवला. मी सही केली होती म्हणूनच त्याला दाद मागता आली. तेव्हाचे मित्र मला अजून हेकट म्हणतात. ते म्हणोत, जे केले ते बरोबरच होते, आणि आजही मी तेच करीन.

प्राध्यापकांना नम्रपणे, पण लेखी उत्तर दे. कायदेशीर आदेश आला तर तो महाविद्यालयामार्फत येईल आणि तुम्ही तो पाळाल. एरवी नाव सांगितले जाणार नाही, मात्र लॅब मॅन्युअलविषयीचा मुद्दा चुकीचा असेल तर त्यांचे उत्तर त्याच जागी, तेवढ्याच ठळकपणे प्रसिद्ध होईल. हे उत्तर सर्वांच्या वतीने नव्हे, तुझ्या एकटीच्या सहीने जाऊ दे. मतदानाआधी, काढलेल्या त्या नोंदी कोणी काढल्या, हे बैठकीत सर्वांसमोर विचार, आणि उत्तर मिळेपर्यंत पुढच्या विषयाकडे वळू नकोस. सुधारलेला मसुदा बुधवारी रात्रीपर्यंत पाठवलास तर मी त्याच रात्री वाचून ठेवीन.