नमुना, प्रारूप की प्रतिमान?

एका वाचकाने विचारले आहे की, अर्थशास्त्राच्या एका मराठी अनुवादात 'या नमुन्यासाठी पाचशे कुटुंबांचा नमुना घेण्यात आला' असे वाक्य आढळले. त्यातला पहिला 'नमुना' म्हणजे मॉडेल असावे, तर मॉडेलला मराठीत नेमके काय म्हणावे, आणि सैद्धान्तिक मॉडेल व संख्याशास्त्रीय मॉडेल यांना वेगवेगळे शब्द आहेत का?

या वाक्याचा अनुवादक कोण असेल ते असो, पण असे वाक्य छापून येते आणि कुणाला खटकत नाही, याचेच मला अधिक वाईट वाटते. फॅशनचे मॉडेल, मोबाइलचे मॉडेल आणि शाळेच्या प्रदर्शनातले पुठ्ठ्याचे मॉडेल हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, ते मी सोडून देतो. राजकारणात अमुक राज्याचे 'विकासाचे मॉडेल' म्हणतात तेव्हा अनुकरणीय उदाहरण एवढाच अर्थ असतो. त्या अर्थाचा शास्त्रातल्या मॉडेलशी, म्हणजे जगाच्या एखाद्या भागाच्या मुद्दाम सोप्या केलेल्या मांडणीशी, संबंध नाही, पण त्याच्यामुळेच मॉडेलला 'आदर्श' म्हणण्याची खोड काही लेखकांना लागली आहे. भौतिकशास्त्रातला 'आदर्श वायू' कुणी कित्ता म्हणून गिरवायचा नसतो. त्याचे रेणू आकारमान नसलेले बिंदू आणि परस्परांना न ओढणारे मानलेले असतात, आणि खरे वायू तसे वागत नाहीत म्हणून तर डच भौतिकशास्त्रज्ञ व्हान डर वाल्स यांना १८७३ मध्ये त्याच्या समीकरणात दुरुस्ती सुचवावी लागली. आदर्श या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ दर्पण आहे आणि आपला 'आरसा' प्राकृतातून त्याच्यापासूनच आला आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

'प्रारूप' या शब्दाचे काम महाराष्ट्रात शासनाने केव्हाच ठरवून टाकले आहे. प्रारूप मतदार यादी, प्रारूप प्रभाग रचना, प्रारूप विकास आराखडा या सर्वांवर हरकती आणि सूचना मागवतात, आणि मुदत संपली की त्या अंतिम होतात. प्रारूप म्हणजे कच्चा मसुदा. विश्वाच्या किंवा बाजारपेठेच्या मॉडेलला प्रारूप म्हटले, तर ते पुढे केव्हातरी अंतिम होऊन राजपत्रात प्रसिद्ध होणार आहे असे वाटते, आणि शास्त्रातले मॉडेल तसे कधीच होत नाही.

राहिला 'नमुना'. तलाठ्याच्या दप्तरातला गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून सातबारा होतो, दुकानदार कापडाचा नमुना दाखवतो, आणि विचित्र माणसाला पाहून 'काय नमुना आहे' असे आपण म्हणतो. ही सगळी कामे त्याने खुशाल करावीत. संख्याशास्त्रात मात्र त्याला एकच नेमणूक आहे आणि ती पक्की आहे. मोठ्या समूहातून निवडून घेतलेला थोडा भाग म्हणजे नमुना. १९५० मध्ये देशात जी मोठी पाहणी सुरू झाली तिला आपण राष्ट्रीय नमुना पाहणी म्हणतो ते याच अर्थाने. त्या पाहणीचे प्रवर्तक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनीच पुढे दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी आर्थिक वाढीचे मॉडेल मांडले. आता 'महालनोबिस यांचा नमुना चुकीचा होता' असे कुणी लिहिले तर वाचकाने काय समजावे?

हा प्रश्न काल्पनिक नाही, कारण महालनोबिस यांच्यावर दोन्ही आक्षेप खरोखर घेतले गेले. पिकाच्या उताऱ्याचा अंदाज काढण्यासाठी ते शेतात लहानसे वर्तुळ आखून तेवढेच पीक कापून तोलत. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले की, तुकडा जितका लहान तितका उतारा फुगलेला निघतो, कारण रेषेवर उभे असलेले ताट आत धरावे की बाहेर याचा निर्णय कापणारा बहुधा आत धरण्याच्या बाजूने देतो, आणि क्षेत्रफळाच्या मानाने लहान तुकड्याची कड अधिक लांब असते. ही नमुन्याची चूक झाली. त्यानंतर १९५६ मध्ये मुंबई विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ चंदुलाल वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी वेगळाच हल्ला चढवला. महालनोबिस यांच्या मांडणीत गुंतवणुकीचा सुमारे एक तृतीयांश वाटा यंत्रे बनवणाऱ्या यंत्रांकडे वळवला होता. या दोघांचे म्हणणे असे की, ज्या देशात काम मागणारे हात फुकट बसले आहेत तेथे आधी त्या हातांना लागणारे धान्य आणि कापड वाढले पाहिजे, आणि या मांडणीत नेमका तोच घटक दुबळा ठेवला आहे. यातली एकही मोजणी चुकली नव्हती. वाद होता तो जगाचे कोणते घटक विचारात घ्यायचे आणि त्यांचे परस्परसंबंध कसे मानायचे याचा. पहिली चूक अधिक मोठे तुकडे कापून सुधारते, दुसरी सुधारत नाही. ज्या भाषेत या दोन तक्रारींना एकच शब्द आहे, त्या भाषेत हा वाद समजावून सांगता येत नाही.

माझे उत्तर 'प्रतिमान' हे आहे, आणि ते केवळ पाठ्यपुस्तकांत रुळले आहे म्हणून नव्हे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात तुला आणि मापे यांचा अध्याय आहे, त्यात प्रतिमान म्हणजे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात टाकायचे वजन. प्रतिमाने लोखंडाची असावीत, किंवा मगध व मेकल येथील दगडाची असावीत, किंवा अशा कोणत्याही पदार्थाची असावीत की जो पाण्याने अथवा लेपाने वाढत नाही आणि उष्णतेने घटत नाही, असे तेथे सांगितले आहे. ज्या ग्रंथाच्या नावावरून आपण आपल्या शास्त्राचे नाव घेतले, त्याच ग्रंथात हा शब्द इतक्या नेमक्या अर्थाने बसलेला असताना आपण त्याला सोडून फारसीतून आलेल्या 'नमुन्या'ला दोन नोकऱ्या करायला लावतो. एका पारड्यात प्रत्यक्ष निरीक्षण, दुसऱ्यात आपण घडवलेले प्रतिमान; काटा किती झुकला ते पाहायचे. वजन मालासारखे दिसावे अशी कुणाची अपेक्षा नसते, म्हणून अर्थव्यवस्थेचे समीकरण अर्थव्यवस्थेसारखे दिसत नाही ही तक्रारच उद्भवत नाही. आणि माल पाहून जो दुकानदार आपले वजन हळूच घासतो, त्याच्यासारखेच आकडे पाहून आपल्या समीकरणात पदांमागून पदे घालणारा संशोधकही असतो; त्याचा काटा नेहमी मधोमध राहतो आणि त्यातून काहीच कळत नाही.

परकीय शब्दांना हाकलून लावण्याची ज्यांना हौस आहे त्यांनी मात्र येथे थोडे थांबावे. फारसी 'नमूना' हा 'नमूदन', म्हणजे दाखवणे, या धातूपासून आला, आणि तो धातू प्राचीन इराणी 'नि' आणि 'मा' यांचा बनलेला आहे. हा 'मा' आणि मोजणे या अर्थाचा संस्कृतातला 'मा' एकच. याच 'मा'ला इराणी भाषेत 'फ्र' हा उपसर्ग लागून झालेला 'फ्रमाना' म्हणजे आपले फर्मान, आणि त्याचा संस्कृत भाऊ म्हणजे 'प्रमाण'. प्राचीन इराणच्या दरायस राजाच्या शिलालेखांत 'फ्रमातर' म्हणजे आज्ञा करणारा असा शब्द आहे, तो अक्षरशः आपला 'प्रमाता'. उपसर्ग बदलून झालेल्या 'आज्मूदन', म्हणजे पारखून पाहणे, या क्रियापदाच्या घराण्यातून मराठीत अजमावणे आले आणि 'अजमासे दोनशे माणसे होती' यातला अजमासही आला. तेथे इराणी 'उज्' म्हणजे संस्कृत 'उद्', त्यामुळे अजमास हा 'उन्माना'चा नातेवाईक ठरतो. आणि सर्वांत गोड भाग असा की, 'पति' या इराणी उपसर्गाचे, म्हणजेच संस्कृत 'प्रति'चे, 'मा'शी लग्न लागून जो शब्द झाला तो 'पैमाना'. जुन्या दप्तरांत जमिनीच्या मोजणीला पैमाश म्हणत, तो याच घरातला. म्हणजे पैमाना आणि प्रतिमान हे सख्खे चुलतभाऊ आहेत, आणि नमुना त्यांच्याच वाड्यात राहतो.

मॉडेल हा शब्द लॅटिन 'मोडस', म्हणजे माप, याच्या लघुरूपापासून इटालियन 'मोडेल्लो'मार्गे आला. रूढ कोश मोडसचे मूळ 'मेद्' या धातूत दाखवतात आणि त्याला मोजण्याच्या 'मा'पासून वेगळे ठेवतात. मला हे वेगळेपण फार ताणलेले वाटते. दोन्ही धातूंचा अर्थ माप, दोन्हींचा आरंभ 'म'कारानेच, आणि मूळ धातूच्या शेवटी एखादे व्यंजन चिकटून नवा धातू तयार होण्याची उदाहरणे या भाषाकुलात थोडीथोडकी नाहीत. 'मेद्' हा 'मा'चाच वाढलेला फाटा आहे असे मानणारे अभ्यासक आहेत आणि मी बेलाशक त्यांच्या बाजूचा आहे. तसे असेल तर मॉडेल, नमुना आणि प्रतिमान हे तिन्ही शब्द मोजणाऱ्याच्याच तोंडून निघालेले आहेत. शुद्धीवाद्यांनी आणि इंग्रजीवाद्यांनी आपापसांत भांडावे. माझ्या मते शब्द एकाच कुळातले आहेत.

समाजशास्त्राचे काही प्राध्यापक म्हणतात की, प्रतिमान हा शब्द आम्ही पॅराडाइमसाठी, म्हणजे शास्त्राच्या एकूण विचारचौकटीसाठी, राखून ठेवला आहे, तेव्हा तो मॉडेलला देता येणार नाही. राखून कुणी ठेवला, आणि कुणाला विचारून? पॅराडाइमचा मूळ ग्रीक अर्थ शेजारी ठेवून दाखवलेले उदाहरण असा आहे, त्यात मोजमाप कोठेही नाही. 'विचारव्यूह' हा चांगला शब्द त्यांच्याच लेखनात आढळतो, तो त्यांनी वापरावा आणि दुसऱ्याच्या पारड्यातले वजन उचलू नये. 'प्रतिकृती' सुचवणाऱ्यांचे म्हणणे थोडे अधिक विचारात घेण्यासारखे आहे, कारण अर्थशास्त्रात खरोखरीची प्रतिकृती झालेली आहे. न्यूझीलंडचे बिल फिलिप्स यांनी १९४९ मध्ये लंडनमध्ये एक यंत्र उभे केले, त्यात राष्ट्रीय उत्पन्न रंगीत पाण्याच्या रूपाने पारदर्शक नळ्यांतून वाहत असे आणि कर, बचत, आयात यांच्या वाटांनी बाहेर पडत असे. पण याच फिलिप्स यांनी १९५८ मध्ये ब्रिटनमधील बेकारी आणि वेतनवाढ यांच्या जवळजवळ शंभर वर्षांच्या आकड्यांवरून जो वक्र काढला, तो कशाची प्रतिकृती आहे? कशाचीच नाही. आकड्यांशी जुळवलेली ती एक रेषा होती, आणि १९७० च्या दशकात बेकारी आणि महागाई हातात हात घालून वाढू लागल्या तेव्हा ती जुळेनाशी झाली.

प्रश्नाचा दुसरा भाग येथे आपोआप येतो. यंत्र हे सैद्धान्तिक प्रतिमान होते, वक्र हे संख्याशास्त्रीय. पहिल्यात कारणे आधी मानून घेतलेली असतात. दुसऱ्यात आकड्यांमधला संबंध आधी दिसतो आणि कारण नंतर शोधले जाते. महाराष्ट्रात या दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे मोसमी पावसाच्या अंदाजासाठी वेधशाळेने १९८८ पासून वापरलेले, वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे प्रतिमान. हिमालयातील बर्फ, प्रशांत महासागराचे तापमान, वेगवेगळ्या ठिकाणचे हवेचे दाब अशा सोळा गोष्टींचा पूर्वीच्या पावसाशी असलेला संबंध त्यात जुळवलेला होता. २००२ मध्ये अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के, चार टक्के इकडेतिकडे. प्रत्यक्षात पाऊस पडला ८१ टक्के. 'मॉडेल फसले' अशी ओरड झाली. ओरडणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक होते की, समुद्र आणि पाऊस यांच्यातले असे संबंध दशकादशकांनी सैल होतात आणि घटक पुन्हा तपासून बदलावे लागतात. पुढच्याच वर्षी वेधशाळेने कमी घटकांची नवी प्रतिमाने घेतली, आणि २०१२ नंतर वातावरण व महासागर यांच्या गतीची समीकरणे संगणकावर सोडवणारी गतिकीय प्रतिमानेही त्यांच्या जोडीला आली. कौटिल्याने प्रतिमानांची तपासणी करून त्यांच्यावर शिक्का मारण्याचे काम चातुर्मासिक, म्हणजे दर चार महिन्यांनी करायचे, ठरवले होते आणि शिक्का नसलेल्या वजनाला सव्वासत्तावीस पण (त्या काळचे नाणे) दंड सांगितला होता. मोसमी पावसाच्या बाबतीत 'चातुर्मासिक' हा योगायोग मला फार आवडतो.

वेगळे शब्द हवेत का? 'सैद्धान्तिक प्रतिमान' आणि 'संख्याशास्त्रीय प्रतिमान' पुरेसे आहेत. मात्र सैद्धान्तिक म्हणजे अव्यवहार्य, पोकळ, असा जो अर्थ हल्ली बोलण्यात येतो तो डोक्यातून काढून टाकावा. आपल्याकडे ज्योतिषगणितात सिद्धान्तग्रंथ आणि करणग्रंथ अशी जुनी विभागणी आहे. सिद्धान्त कल्पारंभापासून ग्रहगतीची सगळी मांडणी करतो. करण जवळचा आरंभकाळ घेऊन पंचांगकर्त्याला झटपट उत्तर देते. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ग्रहलाघव लिहिले, तेव्हा त्यांनी कोणत्याही एका सिद्धान्ताची भक्ती केली नाही. सूर्य सौरपक्षाचा, म्हणजे सूर्यसिद्धान्ताच्या परंपरेतला, घेतला, चंद्र त्याच पक्षाचा पण नऊ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कमी करून, गुरू आर्यपक्षाचा, म्हणजे आर्यभटाच्या परंपरेतला. आकाशात जो जसा दिसतो त्याच्याशी जो जुळला तो. या नऊ कला कोणत्याही सिद्धान्तातून निघत नाहीत, त्या वेधातून, म्हणजे आकाशाच्या निरीक्षणातून, निघतात. अशा दुरुस्तीला ज्योतिषी बीजसंस्कार म्हणत. आधुनिक संख्याशास्त्रीय प्रतिमान याच्या पुढे जाऊन आपली चूक किती असू शकेल हेही सांगते, वेधशाळेच्या त्या चार टक्क्यांसारखे; तो भेद महत्त्वाचाच आहे. पण प्रतिमानातले प्राचल (पॅरामीटर) निरीक्षणाशी जुळवून घेण्याला, ज्याला संशोधक कॅलिब्रेशन म्हणतात, बीजसंस्कार याहून चांगला शब्द मला सापडत नाही. ज्यांना तो जड वाटेल त्यांनी खुशाल कॅलिब्रेशन म्हणावे. 'नमुना जुळवला' असे मात्र लिहू नये.