वर दिसणारी प्रतिक्रिया चर्चेची दिशा ठरवते का?

ऑनलाइन चर्चेत कोणती प्रतिक्रिया वर दिसते यावर चर्चेची दिशा ठरते का, असा हा प्रश्न आहे. माझ्या मते ती निश्चितच ठरते, आणि पुष्कळदा पहिल्या काही पसंतींवरच ठरते. २०१३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी काही प्रतिक्रियांना आरंभीच एक कृत्रिम पसंती दिली. तेवढ्याने पुढच्या वाचकाने पसंती देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी चढले. कृत्रिम नापसंती मात्र वाचकांनी भरून काढली.

आमच्या लातूर भागात सोयाबीन पिवळे पडल्याचा फोटो कोणी टाकला, की पहिले उत्तर बहुधा एखाद्या कीटकनाशकाच्या फवारणीचे असते आणि त्यालाच अंगठे मिळत जातात. कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला असेल तर चुनखडीच्या जमिनीतील लोहाची कमतरता संभवते, आणि पानावर हिरवे-पिवळे चट्टे असतील तर पांढऱ्या माशीने पसरवलेला मोझॅक हा विषाणूजन्य रोग. हा फरक विचारणारा जाणता शेतकरी उशिरा आल्यामुळे ‘आणखी पाहा’च्या खाली दडतो. कीटकनाशकाने लोहाची उणीव भरून निघत नाही, आणि खर्च मात्र होऊन बसतो.

म्हणून निदान पहिले काही तास पसंतीचे आकडे झाकावेत आणि उत्तरांचा क्रम प्रत्येक वाचकासाठी वेगळा ठेवावा, असे मला मनापासून वाटते.