इस्त्री २३० व्होल्टवर ४.३५ अँपिअर घेते, तर तिचा रोध आणि पॉवर किती?

रोध म्हणजे व्होल्टेज भागिले करंट. २३० ÷ ४.३५ = साधारण ५२.९ ओहम. पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. २३० × ४.३५ = १००० वॅट. म्हणजे तासभर सलग तापली तर एक युनिट. थर्मोस्टॅट मध्येमध्ये बंद करतो, त्यामुळे प्रत्यक्षात कमीच.

आता खरी गंमत बघा. संध्याकाळी व्होल्टेज १९० वर आलं तर बरेच जण १९० × ४.३५ करतात. ते चूक आहे! कॉइल तीच, म्हणून रोध जवळपास तोच राहतो आणि करंट कमी होतो: १९० ÷ ५२.९ = ३.५९ अँपिअर. पॉवर ६८२ वॅट. व्होल्टेज १७ टक्के घटलं, पण पॉवर ३२ टक्के घटली, कारण पॉवर व्होल्टेजच्या वर्गावर चालते. म्हणूनच त्या वेळी सुती शर्टाची सुरकुती लवकर जात नाही.

रोध मल्टिमीटरने मोजायचा असेल तर आधी प्लग काढा, हे कृपया विसरू नका. इस्त्रीतली निक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) कॉइल थंड असतानाही जवळपास हाच आकडा दाखवेल. पिवळ्या बल्बचं मात्र तसं नाही. ६० वॅटच्या बल्बचा रोध हिशोबाने ८८२ ओहम येतो, पण थंड फिलामेंट मीटरवर त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी दाखवते. मीटर बिघडलेला नसतो, फिलामेंटचा धातू टंगस्टन, तो तापला की त्याचा रोध वाढतो.

पंखा, मिक्सर यांना हा सरळ गुणाकार लावू नका. तिथे पॉवर फॅक्टरनेही (व्होल्टेज गुणिले करंटपैकी खरी पॉवर किती हे सांगणारा, एकपेक्षा लहान आकडा) गुणावं लागतं.