वकीलताईंना विचारा : दोन मिनिटांचा व्हिडिओ आणि कायद्याचा तास

प्रश्न : ताई नमस्कार. मी तालुक्याच्या शाळेत नववी-दहावीला इतिहास-राज्यशास्त्र शिकवतो. पोरं कायदा शिकतात रील्सवरून, एन्काऊंटर झालं की टाळ्या आणि कुणाला जामीन मिळाला की 'सेटिंग झाली'. म्हटलं आपणही दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओच दाखवावेत, वर्गात टीव्ही आहेच. सहकारी म्हणतात टाइमपास होईल. काय करू?
– एक शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : सर, बिनधास्त दाखवा, फक्त व्हिडिओ शेवटपर्यंत चालवू नका. हे व्हिडिओ अटक झाली किंवा निकाल लागला की संपतात आणि आपलं काम असतं त्याच्या मधलं, जे कुणी दाखवतच नाही कारण त्यात तारखा, पंचनामे आणि कागद असतात, त्याला लाइक्स कोण देणार!

पुण्यातली मे 2024 ची कल्याणीनगरची पोर्शे केस घ्या, पोरांना ती पाठ असते. गाडी 17 वर्षांचा मुलगा चालवत होता असा आरोप, दोन तरुण इंजिनियर गेले, आणि काही तासांत मुलाला जामीन, अटींमध्ये 300 शब्दांचा निबंध. इथे पॉज करा आणि विचारा, शिक्षा काय झाली? अख्खा वर्ग ओरडणार, निबंध! मग हळूच विचारा, खटला चालला का, साक्षीदार तपासले का, आणि नसतील तर शिक्षा आली कुठून? निबंध ही जामिनाची अट होती, ती अट हास्यास्पद वाटली तर वाटू दे, मलाही वाटली, पण ती शिक्षा नव्हती. आता पुढचं सांगा, लोक भडकले, तीनच दिवसांनी बाल न्याय मंडळाने मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं आणि 25 जूनला मुंबई हायकोर्टाने ते बेकायदा ठरवून त्याला सोडायला सांगितलं. अर्ध्या वर्गाला हायकोर्टाच्या बाजूने बोलायला लावा, अर्ध्याला विरोधात, जो सगळ्यात जास्त चिडलाय त्याला मुद्दाम मुलाचा वकील करा. तुम्ही निकाल देऊ नका. आणि हो, त्याच दिवसांत 'हाच तो पोरगा' म्हणून एक रॅपचा व्हिडिओ फिरला होता, तो त्याचा नव्हताच. पुरावा म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगलं काही मिळणार नाही.

बाकी सिनेमातलं कोर्ट आधी डोक्यातून काढा. आपले जज हातोडा आपटत नाहीत, साक्षीदार गीतेवर हात ठेवत नाहीत, आणि 'दफा 302' सुद्धा आता जुनं झालं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, खुनाची शिक्षा तिथे कलम 103 मध्ये. तालुका विधी सेवा समितीला एक पत्र टाका, वकील बोलवायला पैसे पडत नाहीत. जमलं तर पाच-सहा पोरं घेऊन परवानगीने कोर्टात जाऊन बसा, पुढची तारीख पुढची तारीख ऐकून कंटाळतील, कंटाळू द्या.

प्रश्न : मुलीच्या ग्रुपला शाळेत व्हिडिओ बनवायचाय, आमच्या गावात एका मुलीची छेड काढल्याची केस झाली होती त्यावर. नाव बदललं की चालेल ना?
– एक आई, नाशिक जिल्हा

उत्तर : नाही हो ताई, अजिबात नको. पीडित मुलीचं नाव, फोटो, पत्ता तर सोडाच, शाळा, घरचे, शेजार, ज्यावरून ती ओळखू येईल असं काहीही पोक्सोच्या (18 च्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या) कलम 23 ने दाखवता येत नाही, आणि गावात तर नाव बदलून काय उपयोग, बस स्टँड दिसला तरी सगळे ओळखतात. आरोपी मुलगा 18 च्या आतला असेल तर त्याचीही ओळख बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ने झाकलेली, मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यापेक्षा मोबाईल चोरीला गेला आणि पोलीस म्हणाले 'आमची हद्द नाही' असा सीन करा, त्यात झीरो एफआयआर येतो, म्हणजे दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) असेल तर कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते आणि कॉपी फुकट मिळते, हे मोठ्यांनाही माहीत नसतं. आणखी एक, असले व्हिडिओ बघून एखादी मुलगी टीचरना स्वतःचं काही सांगून बसते. तेव्हा 'घरी बोल' म्हणून भागत नाही, लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाली की पोलिसांना कळवणं शिक्षकांवरही बंधनकारक आहे. 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर फळ्यावर लिहून ठेवायला सांगा.

प्रश्न : रीलमध्ये सांगतात पोलिसांना एफआयआर घ्यावाच लागतो. खरंय का? – दहावीतला विद्यार्थी

उत्तर : अर्धं खरं. दखलपात्र गुन्हा असेल तर घ्यावाच लागतो, सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये सांगितलंय. पण नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात वरिष्ठांच्या परवानगीने आधी 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, आणि साधी शिवीगाळ वगैरे असेल तर एनसीवरच (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीवरच) भागतं. रीलवाल्याला कमेंटमध्ये विचार, कलम कुठलं?