इराणी आणि अमेरिकी लोकांत सामायिक इतिहासातून मैत्री होऊ शकते का?

होऊ शकते, पण सुरुवात 1979 च्या ओलीसनाट्यापासून, म्हणजे तेहरानमधल्या अमेरिकी दूतावासातले लोक ओलीस धरले गेले तिथून, केली तर भांडणच हाती लागेल. मी इराणमधल्या तब्रीझ शहरापासून करेन. हॉवर्ड बास्करविल हा अमेरिकेतल्या नेब्रास्कात जन्मलेला, प्रिन्स्टनमध्ये शिकलेला तरुण तिथल्या मिशनरी शाळेत शिकवायला गेला. शाहाच्या फौजांनी शहराला वेढा घातला, लोक उपाशी मरू लागले, तेव्हा गड्याने नोकरी सोडली आणि विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन संविधानवाद्यांच्या, म्हणजे शाहाच्या सत्तेला संविधानाची चौकट हवी म्हणणाऱ्यांच्या, बाजूने लढायला उतरला. एप्रिल 1909 मध्ये वेढा फोडायच्या प्रयत्नात गोळी लागून गेला. वय अवघं 24. त्याची कबर तब्रीझमध्येच आहे आणि तिथल्या संविधान भवनात त्याचा अर्धपुतळाही आहे. अमेरिकेत मात्र त्याचं नाव फार कुणाला माहीत नसतं, हे जरा खटकतंच.

1953 मध्ये इराणचे पंतप्रधान मोसादेक यांचं सरकार उलथवण्यात सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा हात होता, तेही टाळून चालणार नाही. इराणी माणूस ते विसरलेला नाही.

अलीकडचं हवं तर 1998 चा फुटबॉल विश्वचषक घ्या. लियाँमधल्या सामन्याआधी इराणी खेळाडूंनी अमेरिकनांना पांढरी फुलं दिली, दोन्ही संघांनी एकत्र फोटो काढला. मग इराणने सामना 2-1 ने जिंकला, ते वेगळं!